परसातल्या कोंबड्यांसाठी मोठे आवार: आखणीपासून कुंपणापर्यंत

चार-सहा कोंबड्या पाळायला सुरुवात करताना बहुतेक जण खुराड्यापुढे जाळीचा एक लहानसा पिंजरा उभा करतात आणि वर्षभरात त्या पिंजऱ्यातली जमीन उघडी, कडक आणि दुर्गंधी झालेली दिसू लागते. गवताचे पातेही उरत नाही, पावसात नुसता चिखल होतो, उन्हात विष्ठेची भुकटी उडते आणि करण्यासारखे काहीच न उरलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागतात. मग मोठे आवार करायचे ठरते आणि मनात पहिला प्रश्न येतो तो जाळी किती लागेल हा. माझ्या मते तो प्रश्न बराच नंतरचा आहे. आवारातली माती पाणी कसे मुरवते यावर कोंबड्यांचे आरोग्य ठरते आणि कुंपणाचा सर्वांत खालचा एक फूट कसा बांधला आहे यावर त्यांचा जीव अवलंबून असतो. त्यामुळे आखणी जमिनीपासून सुरू करून वर जावे, हे या लेखात पुन्हा पुन्हा येईल.

जागा किती आणि कुठे

खुराड्याच्या आत एका कोंबडीला साधारण ४ चौरस फूट आणि बाहेरच्या आवारात साधारण १० चौरस फूट जागा असावी, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. यातला दुसरा आकडा किमान आहे, हे लक्षात ठेवायला हवे. १० चौरस फुटांत कोंबडीला पाय मोकळे करता येतात, पण तेवढ्या जागेत गवत टिकत नाही. ते टिकवायचे असेल तर त्याच्या कितीतरी पट जागा आणि तिला अधूनमधून विश्रांती द्यावी लागते.

आवार मोठे करताना भूमिती आपल्या बाजूने असते. १० फूट बाजूच्या चौकोनाला ४० फूट कुंपण लागते आणि आत १०० चौरस फूट जागा मिळते. बाजू २० फूट केली की कुंपण दुप्पट म्हणजे ८० फूट होते, पण जागा मात्र चौपट, ४०० चौरस फूट मिळते. तीच ४०० चौरस फूट जागा १० फूट रुंद आणि ४० फूट लांब पट्ट्यात घेतली तर कुंपण १०० फूट लागते. म्हणून भिंतीकडेची अरुंद पट्टी सोयीची वाटली तरी आधी कागदावर हा हिशेब करून पाहावा आणि शक्य तितका चौरसाच्या जवळ जाणारा आकार निवडावा.

त्या ८० फुटांच्या कुंपणात आणखी २० फूट जाळी मिळवून आवार मधोमध दुभागले, तर मला वाटते मोठ्या आवाराचा खरा फायदा तिथेच हाती येतो. एका भागात कोंबड्या असताना दुसऱ्या भागातले गवत वीतभर वाढू द्यायचे आणि मग त्यांना तिकडे सोडायचे. मधली जाळी फक्त कोंबड्यांना अडवण्यापुरती असल्यामुळे ती हलकी आणि स्वस्त चालते. या विश्रांतीमागचे कारण गवतापुरते नाही. रक्ती हगवणीला कारणीभूत असलेल्या परजीवींचे कोश विष्ठेतून जमिनीवर पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांतच संसर्ग करण्याजोगे होतात. सतत ओल्या आणि सतत वापरातल्या जमिनीवर त्यांचे प्रमाण वाढत जाते, आणि त्याचा पहिला फटका पिल्लांना बसतो.

हेच कारण जागा निवडतानाही ध्यानात ठेवावे. आखणीसाठी सर्वांत उपयोगाचा दिवस म्हणजे जोरदार पावसाचा. त्या दिवशी खुंट्यांचा जुडगा घेऊन परसात जावे आणि जिथे पाणी साचते तिथे एकेक खुंटी ठोकून यावे. पाऊस थांबून दोन तास झाल्यावर पुन्हा पाहावे आणि जिथे अजूनही डबके आहे ती जागा आवारातून वगळावी. पावसाळा दूर असेल तर नळीने पाणी सोडून असाच अंदाज घेता येतो. किंचित उतार असलेली जागा उत्तम. उताराच्या वरच्या बाजूला कुंपणाबाहेरून एक उथळ चर काढला की वरून येणारे पाणी बाजूने निघून जाते. खुराड्याच्या छपराचे पाणीही आवारात पडू देऊ नये, त्याला पन्हळ लावावी. खुराड्याच्या दारासमोरची चार-पाच फूट जमीन सर्वांत जास्त तुडवली जाते. तिथे गवताचा आग्रह न धरता सुरुवातीलाच जाड वाळू किंवा लाकडाच्या ढलप्यांचा पाच-सहा इंचांचा थर द्यावा.

आवाराच्या आत

पाळीव कोंबडीची मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडी. ती झाडोऱ्याच्या कडेने, डोक्यावर काहीतरी आडोसा ठेवून चरते. हा स्वभाव पाळीव कोंबडीत तसाच उतरला आहे. म्हणूनच मोठे पण उघडेबोडके आवार केले तर कोंबड्या खुराड्याजवळच्या कोपऱ्यात घुटमळतात आणि उरलेल्या जागेला पाय लावत नाहीत. आवारात आठ-दहा फुटांच्या अंतराने झुडपे, एखादे मेज किंवा चार पायांवर टाकलेली फळी असेल, तर एका आडोशापासून दुसऱ्यापर्यंत त्या धीटपणे जातात आणि सगळी जागा वापरली जाते. नवी झुडपे लावल्यावर बुंध्याभोवती मोठे दगड रचून ठेवावेत, नाहीतर आठवडाभरात मुळे उघडी पडतात. कण्हेर आणि एरंड ही झाडे विषारी आहेत. ती आवारात किंवा कुंपणाला टेकून असू नयेत.

सावली ही तर अगदी निकडीची गोष्ट आहे. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि तिला घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख शरीरापासून दूर धरणे हेच तिचे मुख्य उपाय असतात. त्यामुळे आखणी करताना दुपारी दोन-तीन वाजता सावली नेमकी कुठे पडते ते पाहून पाण्याचे भांडे तिथे ठेवण्याची जागा ठरवावी. धूळस्नानासाठी छपराखाली, कोरड्या जागी, फूटभर खोल खड्डा करून त्यात भुसभुशीत माती, वाळू आणि साध्या लाकडाची चाळलेली राख भरावी. पिसांतल्या उवा आणि किडी झटकण्याचा कोंबडीचा तो मुख्य मार्ग आहे.

कोण येते आणि कुठून येते

कुंपण दोन कामे करते. कोंबड्यांना आत ठेवणे हे सोपे काम आहे आणि बाहेरच्यांना बाहेर ठेवणे हे अवघड. कुत्रा जाळीला धडक देतो आणि तळाशी उकरतो, कोल्हा उकरतो आणि उडीही मारतो, मांजर चढते, मुंगूस आणि उदमांजर फटीतून शिरतात, शिकारी पक्षी वरून येतात. काही प्राणी आत येतही नाहीत. जाळीतून पंजा घालून जवळ बसलेली कोंबडी ओढतात. म्हणून जाळी निवडताना तिची मजबुती आणि तिच्या घरांचा आकार या दोन्ही गोष्टी पाहाव्यात.

षटकोनी घरांची, पातळ तारेची जी जाळी कोंबड्यांची जाळी म्हणूनच ओळखली जाते, तिच्यावर अनेकांची भिस्त असते. ती कोंबड्यांना अडवते, पण जिद्दीला पेटलेला कुत्रा ती फाडू शकतो आणि काही पावसाळ्यांनंतर मातीला टेकलेली तिची तार गंजून हाताने तुटते. साखळीसारख्या गुंफणीची जाड जाळी कुत्र्याला दाद देत नाही. मात्र तिची घरे दोन इंचांच्या आसपास असल्यामुळे उंदीर, लहान मुंगूस आणि आतली पिल्ले सहज आरपार जातात. अर्धा इंच घरांची, प्रत्येक सांध्यावर वेल्ड केलेली आणि जस्ताचा मुलामा दिलेली जाळी सर्वांत भरवशाची असते. १९ गेज किंवा त्याहून जाड तार घ्यावी. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे खरेदी करताना विसरू नये. संपूर्ण कुंपणाला हीच जाळी लावली तर खर्च फार वाढतो, म्हणून मी खालच्या तीन फुटांना वेल्ड केलेली जाळी आणि त्यावर साखळी-जाळी अशी जोड सुचवतो. पंजा आत घालण्याचा, फटीतून शिरण्याचा आणि कुरतडण्याचा बहुतेक प्रयत्न त्या खालच्या पट्ट्यातच होतो.

उंची सहा फूट ठेवावी. जड जातींच्या कोंबड्या चार फुटांवरही क्वचितच जातात, पण हलक्या आणि बुटक्या जाती चांगल्या उडतात, आणि कुत्र्याचा विचार केला तर चार फूट कमीच आहेत. कुंपणाच्या माथ्यावर लाकडी आडवी पट्टी मात्र लावू नये. कोंबडी एका झेपेत कुंपण ओलांडत नाही. ती आधी माथ्यावर बसते आणि मग पलीकडे उतरते. तिला बसायला घट्ट कड दिसलीच नाही तर ती सहसा उडायच्या भानगडीत पडत नाही. याच कारणाने खुराड्याचे छप्पर, लाकडांचा ढीग किंवा पालथे ठेवलेले पिंप कुंपणापासून पाच-सहा फूट दूर असावे. एवढे करूनही एखादी कोंबडी पलीकडे जात असेल, तर तिच्या एकाच पंखाची दहा मोठी उड्डाणपिसे निम्मी कापावीत, म्हणजे तिचा तोल जातो. नुकत्या उगवणाऱ्या पिसांच्या दांड्यात रक्त असते, ती कापू नयेत. पिसे झडून नवी आली की हे काम पुन्हा करावे लागते.

आकाशातून येणाऱ्या धोक्यासाठी दोन इंच घरांची नायलॉनची जाळी वरून पसरावी. मोठ्या आवारात ती मध्ये झोळीसारखी लोंबते, म्हणून मधोमध एक-दोन उंच खांब लावून त्यांच्या डोक्यावर गुळगुळीत डबा पालथा घालावा, म्हणजे टोकाने जाळी फाटत नाही. जाळीवर साठलेला पालापाचोळा वेळच्या वेळी झटकला नाही तर पावसात त्याच्या ओझ्याने खांबसुद्धा आत झुकतात.

खांब आणि ताण

आखणी सुतळीने करावी. पहिल्या कोपऱ्यापासून एका बाजूवर ६ फुटांवर आणि दुसऱ्या बाजूवर ८ फुटांवर खूण करावी. या दोन खुणांमधले तिरपे अंतर बरोबर १० फूट आले की कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे असे समजावे. चारही कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते सारखे भरल्याशिवाय खड्डा खणू नये. कोपरा चुकला तर आवारात कोंबड्यांचे काही बिघडत नाही, पण फाटक आणि जाळी लावताना प्रत्येक टप्प्यावर तो नडतो.

सहा फूट उंचीसाठी आठ फुटी खांब घेऊन दोन फूट जमिनीत गाडावेत. कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब त्याहून फूटभर लांब आणि अधिक जाड असावेत, कारण सगळा ताण त्यांच्यावर येतो; प्रत्येक कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही कुंपणांच्या रेषेत एकेक तिरका टेकू द्यावा. आधी कोपऱ्याचे खांब ओळंब्यात उभे करून त्यांच्यामध्ये वर आणि खाली सुतळी ताणावी आणि मग आठ-आठ फुटांवर मधले खांब त्या सुतळीला धरून लावावेत. मधल्या खांबांना खडी आणि माती थराथराने चोपून भरली तरी चालते, कोपऱ्यांना काँक्रीट हवे. काँक्रीटचा माथा खांबापासून बाहेर उतरता ठेवावा, नाहीतर तिथेच पाणी साचून लाकूड कुजते किंवा लोखंड गंजते. त्यानंतर जाळी ताणण्याची घाई करू नये. काँक्रीटला निदान दोन दिवस आणि शक्य असेल तर आठवडाभर पाणी मारत ठेवावे.

खांबांवर वर, मध्ये आणि खाली अशा तीन जाड तारा ताणून घ्याव्यात आणि जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाने लावावी. बाहेरून कुत्र्याने धडक मारली तर जाळी खांबांवरच दाबली जाते. आतून लावलेली जाळी त्याच धडकेने खिळ्यांतून उपटून निघते. ताणताना जाळीच्या टोकाच्या घरांतून एक लाकडी पट्टी ओवून ती पट्टी ओढावी, म्हणजे ताण सगळीकडे सारखा येतो. मग बांधणीच्या तारेने दर सहा इंचांवर जाळी तारांना बांधावी. दोन जाळ्या जिथे भेटतात तिथे त्या किमान चार इंच एकमेकींवर घ्याव्यात आणि दोन्ही कडा बांधाव्यात. एकच कड बांधलेली जोड बाहेरून ढकलली की पानासारखी उलगडते.

इथे एका बारीक गोष्टीकडे फार काळजीपूर्वक लक्ष द्यावे. वेल्ड केलेली जाळी कापताना अर्ध्या इंचाचे चकचकीत तुकडे गवतात पडतात. कोंबडी दाणे दळण्यासाठी खडे गिळतेच, आणि चकाकणाऱ्या वस्तूवर तिची चोच आधी जाते. तो तुकडा पोटातल्या दळणाऱ्या पिशवीला टोचू शकतो आणि त्यावरच्या जस्ताची विषबाधाही होऊ शकते. म्हणून जाळी कापण्याचे काम आवाराबाहेर, खाली चादर अंथरून करावे, आणि कोंबड्या सोडण्यापूर्वी कुंपणाच्या कडेने दोरीला बांधलेले लोहचुंबक फिरवावे. मी पहिल्यांदा असे फिरवले तेव्हा, सगळे वेचून झाले अशी खात्री असतानाही, मूठभर तुकडे निघाले.

तळाची झालर

उकरणारा प्राणी कुंपणापाशी येतो, जाळीला नाक लावतो आणि जिथे जाळी जमिनीला भेटते नेमके तिथेच उकरू लागतो. दोन फूट मागे सरकून भुयार खणावे, ही अक्कल त्याला सहसा सुचत नाही. झालरीचा सगळा आधार या सवयीवर आहे. वेल्ड केलेल्या जाळीची दोन फूट रुंद पट्टी कुंपणाच्या बाहेर जमिनीवर सपाट पसरावी, तिची आतली कड उभ्या जाळीला दर चार इंचांवर बांधावी आणि उरलेली पट्टी यू आकाराच्या लांब खिळ्यांनी फूट-दीड फुटावर जमिनीत ठोकावी. पट्टी अंथरण्यापूर्वी तिथले गवत कापून जमीन समतल केली तर जाळी नीट बसते. नंतर गवत तिच्या घरांतून वर येते आणि मुळे तिला जमिनीशी शिवून टाकतात. याला दुसरा पर्याय म्हणजे फूटभर खोल चर खणून उभी जाळीच खाली गाडणे. तो पक्का असला तरी श्रमाचा आहे, आणि ओल्या मातीत पुरलेली जाळी आतल्या आत गंजते ते दिसतही नाही. खडकाळ जमिनीत तर झालरीशिवाय गत्यंतर नाही.

झालर चुकते ती कोपऱ्यात. दोन बाजूंच्या पट्ट्या सरळ येऊन थांबल्या की कोपऱ्याबाहेर दोन फुटांचा एक चौकोन उघडा राहतो आणि अंथरताना तो नजरेत भरत नाही. माझ्या आवारात एका सकाळी झालरीच्या कडेने तीन ठिकाणी ताजी माती उकरलेली दिसली, प्रत्येक ठिकाणी दोन बोटे खोल आणि खाली जाळीची चमक. चौथी जागा कोपऱ्यातली होती. तिथे जाळी नव्हती, आणि आत जाणारे बीळ माझ्या मुठीपेक्षा मोठे नव्हते. दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, गेल्या. तेव्हापासून प्रत्येक कोपऱ्याला मी जाळीचा वेगळा चौकोनी तुकडा कापून दोन्ही पट्ट्यांखाली सरकवतो, चारही कडा बांधतो आणि वर जड दगड ठेवतो.

फाटक

फाटक किमान साडेतीन फूट रुंद असावे, म्हणजे एकचाकी ढकलगाडी भरून आत नेता येते. ते आत उघडणारे असावे, कारण दार उघडताना कोंबड्या मागे सरकतात आणि पायांतून निसटत नाहीत. मात्र आत ढलप्यांचा थर वाढत गेला की दार अडते, म्हणून दाराखाली सहा इंच उंचीचा पक्का उंबरा बांधून दार त्याच्यावरून फिरेल असे बसवावे. उंबऱ्याखालीही झालरीची जाळी जायला हवी. कडी एकाच हालचालीत उघडणारी नसावी. कडी-कोयंडा लावून त्यात एक अडकवणी घातली तर पंज्याने किंवा वाऱ्याने ती उघडत नाही. वर आणि खाली अशा दोन कड्या लावल्या तर आणखी उत्तम, कारण एकाच कडीवर असलेल्या दाराचा खालचा कोपरा कुत्र्याला रेटून वाकवता येतो.

पहिले दिवस

नव्या आवारात कोंबड्यांना पहिल्यांदा सोडताना मावळतीच्या तासभर आधी सोडावे. अंधार पडू लागला की त्या ओळखीच्या खुराड्याकडे आपोआप वळतात, त्यामुळे त्यांच्यामागे धावावे लागत नाही आणि दूर गेलेल्यांनाही परतीची वाट कळते. दुसऱ्या दिवशी दोन तास, मग अर्धा दिवस, असे वाढवत न्यावे. या पहिल्या संध्याकाळी कुंपणाबाहेर उभे राहून पाहावे. कोणती कोंबडी कुठल्या फटीपाशी पुन्हा पुन्हा जाते हे लक्षात आले तर कुंपणातली चूक कोंबडीच दाखवून देते. कुंपण कितीही पक्के झाले तरी रात्री त्यांना खुराड्यातच बंद करावे. जाळीचे आवार दिवसाच्या वावरासाठी असते. रात्री बाहेरच्या प्राण्याला पहाटेपर्यंतचा सगळा वेळ हाताशी असतो.

त्यानंतर आठवड्यातून एकदा, आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर न चुकता, झालरीवरून चालत संपूर्ण फेरी मारावी. डोळ्यांपेक्षा पायाला आधी कळते: जिथे जमीन पायाखाली दबते तिथे खालून माती वाहून गेलेली असते किंवा कोणीतरी उकरायला सुरुवात केलेली असते. ती जागा त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, दगड-मातीने भरून चोपून घ्यावी.